ग्राउसची शिकार आणि डोंगरातली गावं: पैसा नेमका कुणाच्या घरात जातो?

पठारवाट (धागाकर्ता)

१२ ऑगस्टला ब्रिटनमध्ये रेड ग्राउस या तितरासारख्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि १० डिसेंबरला मिटतो. स्कॉटलंडमधले अँगस ग्लेन्स, स्पे नदीचं खोरं, लॅमरमुइर टेकड्या, इंग्लंडमधलं स्वेलडेल, टीसडेल, निडरडेल, बोलंड हा तिचा मुलूख. दर ऑगस्टला तिकडे तोच वाद पेटतो. एक पक्ष सांगतो की या शिकारीवर डोंगरातली गावं जगतात. दुसरा सांगतो की मूठभर श्रीमंतांच्या छंदापायी डोंगर जाळला जातो आणि गरुडांसारखे शिकारी पक्षी मारले जातात. पण एखाद्या खोऱ्यात पैसा कुठून येतो, कुणाच्या हातात पडतो आणि कुठे अडतो, हे सुटं करून सांगणारं मराठीत काही सापडत नाही. माहीतगारांनी कामाच्या तपशिलासह लिहावं ही विनंती. बंदी हवी की नको हा प्रश्न शेवटी येईलच, आधी व्यवहार समजून घेऊ.

कातळमाथा

सुरुवात पक्ष्यापासून करायला हवी, सगळं अर्थकारण त्याच्या स्वभावावर उभं आहे. फेझंट आणि तितर उबवणी केंद्रात वाढवून हजारोंनी रानात सोडतात. रेड ग्राउसचं तसं नाही. तो हीदर या डोंगरमाळावरच्या खुरट्या झुडपाचे कोवळे शेंडे खातो, हीदरमध्येच घरटं करतो, आणि माळावर जेवढी पिल्लं तगतील तेवढेच पक्षी ऑगस्टमध्ये हाती येतात. त्यामुळे इथला खर्च पक्षी पाळण्यावर होत नाही, तो जमीन आणि माणसं राखण्यावर होतो.

मार्चमध्ये जोड्या मोजतात. जुलैत पॉइंटर, म्हणजे वासावरून पक्षी दाखवणारी कुत्री घेऊन ठरावीक १०० हेक्टरच्या तुकड्यांत पिल्लांसकट मोजणी होते. जुलैत चौरस किलोमीटरला साधारण ६० पक्षी नसतील तर हाक्याची शिकार परवडत नाही. आकडा कमी आला की शहाणा मालक दिवस रद्द करतो. त्याबरोबर हाकाऱ्यांची मजुरी, हॉटेलच्या खोल्या, जेवणाची मागणी सगळंच रद्द होतं. मे-जूनमध्ये ऐन पिल्लांच्या वेळी थंड पाऊस झाला तर गावाला ऑगस्टचा अंदाज तेव्हाच येतो.

हाक्याचा दिवस असा असतो: आठ-नऊ बंदूकधारी, प्रत्येकाला एक बट, म्हणजे दगड-मातीचा छातीएवढा आडोसा. बट एका ओळीत, साधारण चाळीस मीटर अंतराने. समोरून वीस-तीस हाकारे पांढरे झेंडे फडकावत किलोमीटर-दीड किलोमीटरची रांग धरून येतात. बाजूचे लोक वाऱ्याचा अंदाज घेऊन पक्षी आत वळवतात. रांग ठरलेल्या टप्प्यावर आली की पहिला भोंगा वाजतो. त्यानंतर समोर गोळी झाडायची नाही, फक्त मागे गेलेल्या पक्ष्यावर. दुसऱ्या भोंग्याला हाका संपतो. बटच्या दोन्ही कडांना काठ्या रोवतात, बंदूक फिरवताना शेजारच्या बटकडे जाऊ नये म्हणून. ग्राउस उतारालगत कमरेच्या उंचीवरून, भरधाव येतो. त्यामुळे हा नियम मोडला तर थेट माणूस जखमी होतो. दिवसाला असे चार-पाच हाके. मागे कुत्रेवाले पडलेले पक्षी गोळा करतात. म्हणजे आठ जणांच्या हौसेमागे चाळीस-पंचेचाळीस माणसं उभी असतात.

जमाखर्च

हा धंदा म्हणून कसा दिसतो ते मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण वास्तवाला धरून आहे.

दर जोडीवर ठरतो. जोडी म्हणजे कोणतेही दोन पक्षी, नर-मादी नव्हे. हाक्याच्या शिकारीला जोडीमागे १५० ते २०० पौंड आणि वर व्हॅट. १८० धरले तर १०० जोड्यांच्या दिवसाचे १८,००० पौंड, आठ जणांत प्रत्येकी २,२५०. दोन हजार हेक्टरच्या माळावर बऱ्यापैकी वर्षात असे पाच दिवस विकले, तर जमा ९०,०००. मेलेले पक्षी व्यापाऱ्याला विकून हजार पक्ष्यांचे फार तर तीन-चार हजार पौंड. ताटात ग्राउस महाग असतो, पण माळावर त्याला नगण्य भाव मिळतो.

आता खर्च. दोन कीपर, म्हणजे माळ आणि पक्षी राखणारे पगारी रखवालदार: पगार, घर, गाडी, इंधन, कुत्र्यांचा खर्च धरून प्रत्येकी ४५,००० तरी. झाले ९०,०००. पक्ष्यांच्या जंतावरचे औषधी खडे, सापळे, रस्ते, बटची डागडुजी, जाळण्याची यंत्रं यांचे १५,०००. शिकारीच्या दिवसाला हाकारे, कुत्रेवाले, जेवण, वाहतूक मिळून ३,०००. पाच दिवसांचे १५,०००. एकूण १,२०,०००. म्हणजे बऱ्या वर्षातही पंचवीस-तीस हजारांची तूट. पक्षीच नसतील त्या वर्षी जमा शून्य, आणि तरी १,०५,००० चालूच, कारण कीपरला काढलं तर दोन वर्षांत माळ हातचा जातो.

मोठे, भरपूर पक्षी देणारे माळ नफ्यात असतात. बाकीच्यांची तूट मालक आपल्या इतर मिळकतीतून भरतो. का भरतो? कारण माळाची विक्री किंमत गेल्या दहा वर्षांच्या सरासरी जोड्यांवर धरतात आणि एका जोडीमागे भांडवली किंमत काही हजार पौंड असते. सरासरी ३०० वरून ६०० वर नेली की जमिनीची किंमत त्या प्रमाणात चढते. हा फायदा मालकाचा. गावाच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. गावाला मिळते ती मालकाने तूट सोसून दिलेली मजुरी. समर्थक आणि विरोधक दोघांनीही हे लक्षात ठेवावं.

टिटवी

मग रोजगाराचे मोठे आकडे कुठून येतात? ग्राउस माळांच्या मालकांची मूरलँड असोसिएशन इंग्लंड-वेल्ससाठी १,५२० पूर्णवेळ समतुल्य रोजगार आणि वर्षाला सुमारे ६.७ कोटी पौंड सांगते. स्कॉटलंडसाठी फ्रेझर ऑफ अलँडर संस्थेच्या अभ्यासातले २,६४० रोजगार आणि ३.२ कोटी पौंड वर्षानुवर्षं उद्धृत होतात.

जमाखर्च

टिटवी, हे आकडे खोटे नाहीत, पण ते कसे बनतात ते पाहायला हवं. "पूर्णवेळ समतुल्य" म्हणजे तुकड्यातुकड्यांची जोड. वर्षाला २२० कामाचे दिवस धरले, तर २५ दिवस हाके घालणारी नऊ माणसं मिळून एक रोजगार होतो. त्यात अप्रत्यक्ष रोजगारही मिळवलेले असतात: हॉटेल, गॅरेज, बंदूक दुरुस्ती, वाहतूक. आणि हे ढोबळ आकडे आहेत. शिकार नसती तर त्याच जमिनीवर, त्याच माणसांनी काय कमावलं असतं, ते वजा केलेलं नसतं. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत ही रक्कम किरकोळ आहे, आणि विरोधक तिथेच थांबतात. पण गणित देशाचं नसून खोऱ्याचं आहे. ज्या खोऱ्यात चाळीस घरं आहेत तिथे चार कीपरांची घरं म्हणजे दहावा हिस्सा झाला. प्राथमिक शाळेचा पट पंधरावर आला की त्यांतली पाच मुलं कीपरांची आहेत की नाहीत, यावर शाळेचं भवितव्य ठरतं.

हाकाऱ्यांबद्दल: दिवसाला ५० पौंडांच्या आसपास मजुरी मिळते. एका दिवसापुरतं काम, संध्याकाळी रोख हिशेब आणि पुढच्या दिवसाचा करार नाही, अशा हाकाऱ्याच्या मजुरीतून मालकाला कर कापावा लागत नाही. कर खात्याची तशी खास सवलतच आहे. त्यामुळे विद्यार्थी, निवृत्त माणसं, हंगाम संपलेले शेतमजूर सहज येतात. इंग्लंडमध्ये ऑगस्टभर शाळांना सुटी असते म्हणून मुलं मिळतात. सप्टेंबरात तीच रांग भरायला शेजारच्या खोऱ्यातून माणसं आणावी लागतात.

कातळमाथा

कीपर वर्षभर काय करतो हे कळल्याशिवाय हा पगार कशाचा ते कळणार नाही.

पहिलं काम जाळण्याचं. आपल्या कोकणातली भाजावळ डोळ्यांसमोर आणा, पण इथे जमीन भाजायची नसते. हीदर गुडघ्याखाली, वीस-तीस सेंटिमीटरचं झालं की साधारण तीस मीटर रुंद पट्ट्यांत जाळतात. जळलेल्या पट्ट्यात कोवळे शेंडे फुटतात, शेजारचं जुनं हीदर लपायला आणि घरट्याला उरतं. एका माळाची फेरी दहा-वीस वर्षांत पूर्ण होते. इंग्लंडच्या डोंगराळ भागात मुदत १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल. वर हीदर कोरडं आणि खाली शेवाळ ओलं हवं, वारा मंद आणि एका दिशेचा हवा, शेजारी आणि अग्निशमन दलाला आधी कळवायचं. आधी वाऱ्याखालच्या कडेला पट्टा जाळून आगीला अडसर करायचा, मग वरून पेटवायचं. तीन-चार माणसं, झोडपण्या आणि पाण्याची फवारणी करणारं क्वाड बाइकवरचं यंत्र हे किमान साहित्य.

चुकतं कुठे? हीदर जुनं आणि लाकडासारखं झालं की आग फार तापते, मुळं आणि शेवाळ मरतं, उघडा पीट पावसात वाहू लागतो. पीट म्हणजे हजारो वर्षांत साठलेला, अर्धवट कुजलेल्या शेवाळ-पाल्याचा थर; तो पेटला तर आठवडे धुमसतो. लीड्स विद्यापीठाच्या २०१४ च्या ‘एम्बर’ अभ्यासात जाळलेल्या पाणलोटांत पाण्याची पातळी आणि ओढ्यातल्या जीवांवर वाईट परिणाम दिसले. म्हणून इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये संरक्षित क्षेत्रातल्या ४० सेंटिमीटरपेक्षा खोल पीटवर परवान्याशिवाय जाळायला बंदी आली आणि २०२५ मध्ये मर्यादा ३० सेंटिमीटरवर आणून क्षेत्रही वाढवलं. कीपर मंडळींचं म्हणणं असं की न जाळलेलं हीदर साठत जातं आणि उन्हाळ्यात वणवा लागला की सगळंच जातं. २०२५ च्या जूनअखेर स्कॉटलंडमध्ये कारब्रिज आणि डावाच्या माळांवर मोठा वणवा लागला, तेव्हा इस्टेटींची फवारणी यंत्रं आणि कीपर दिवसरात्र कामाला होते. ही सेवा कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

रानजंत

जंताचा भाग मी लिहितो, कारण चांगलं वर्ष आणि रिकामं वर्ष यात बहुतेकदा हाच फरक असतो.

ट्रायकोस्ट्राँजिलस टेनुइस नावाचा बारीक जंत ग्राउसच्या आंधळ्या आतड्यात राहतो. अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ओल्या हवेत अळ्या हीदरच्या शेंड्यावर चढतात आणि पक्षी तेच शेंडे खातो. मध्ये दुसरा यजमान लागत नाही. त्यामुळे पक्षी वाढले की जंत वाढतात, मग एका वसंतात पक्षी पटापट मरतात, माळ रिकामा होतो, पुन्हा चार-आठ वर्षांनी भरतो. जंत भरलेली मादी अंड्यांवर बसली की तिचा वासही जास्त सुटतो आणि कोल्ह्याला घरटं सापडतं. यावर ब्रिटनमध्ये शतकभर काम चाललंय. १९११ मध्ये लॉर्ड लोवॅट यांच्या चौकशी समितीचा अहवाल निघाला. त्यासाठी माळावर फिरून शेकडो पक्षी तपासणारे डॉक्टर एडवर्ड विल्सन पुढे स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावरून परतताना गेले.

उपाय पक्ष्याच्या सवयीतूनच निघाला. हीदर दळायला ग्राउस गारगोटीचे खडे गिळतो. त्या खड्यांना चरबीत घोळवलेलं फ्लुबेंडाझोल लावतात. दर जोडीच्या हद्दीत एक दोन खणांची पेटी: एकात औषधी खडे, दुसऱ्यात साधे. शिकारीच्या किमान २८ दिवस आधी झाकण फिरवून औषधी खण बंद करायचा, म्हणजे माणसाच्या ताटात औषध जात नाही. औषध पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मारलेल्या पक्ष्यांची आतडी तपासून जंत मोजायचे आणि गरज असेल तरच पुढच्या वर्षी औषध द्यायचं, ही योग्य रीत.

चूक होते ती पेट्या वर्षानुवर्षं भरून ठेवण्यात. औषधाला न जुमानणारे जंत तयार होण्याची भीती असते. शिवाय पक्ष्यांची दाटी वाढली की दुसरेच आजार येतात. २०१० मध्ये डोळे सुजवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी ग्राउसमध्ये प्रथम आढळला. एकाच पेटीवर खूप पक्षी येतात तिथे तो पसरायला वाव मिळतो.

मेंढवाडा

मेंढपाळांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. इंग्लंडमधल्या अनेक माळांवर जमीन एकाची, शिकारीचा हक्क दुसऱ्याचा आणि चराईचा हक्क गावातल्या दहा-बारा शेतकऱ्यांचा असतो. आपल्याकडच्या गायरानासारखी सामायिक चराई म्हणा. मेंढ्यांचे कळप कुंपणाशिवाय आपापली हद्द ओळखतात. आई कोकराला ती शिकवते. कळप एकदा विकला की ती ओळखही जाते, नव्या मेंढ्या सगळीकडे पांगतात.

शिकारवाल्यांना मेंढ्या हव्याही असतात आणि नकोही. गोचीड ही मोठी डोकेदुखी: ती मेंढीवर आणि ग्राउसच्या पिल्लावर दोन्हीवर बसते आणि लूपिंग इल नावाचा विषाणू पसरवते. मेंढ्यांना नियमित गोचीडनाशक लावलं तर मेंढीच माळावरच्या गोचिडी टिपते. म्हणून काही इस्टेटी औषधाचा खर्च स्वतः उचलतात. दुसरीकडे हिवाळ्यात मेंढ्या हीदर बोडकं करतात, म्हणून कळप खाली ठेवायला शेतकऱ्याला पैसे दिले जातात. लोकरीचा भाव नाही, कोकराचा भाव वर-खाली होतो, अशा वेळी ही रक्कम शेतकऱ्याला टेकू ठरते. मात्र हा टेकू मालकाच्या मर्जीवर असतो. माळ विकला आणि नव्या मालकाला झाडं लावायची असली की तो संपतो.

भोवत्या

या जमाखर्चात कायदा मोडण्याचा रकाना कुणीच धरला नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

हेन हॅरियर हा भोवत्यांपैकीच एक पक्षी; त्याचे भाऊबंद हिवाळ्यात आपल्या माळरानांवर येतात. तो हीदरमध्ये घरटं करतो आणि ग्राउसची पिल्लं उचलतो. ब्रिटनमध्ये त्याला मारणं गुन्हा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपग्रह टॅग लावलेल्या ५८ हॅरियरपैकी ७२ टक्के पक्षी बेकायदा मारले गेल्याचं सिद्ध झालं किंवा तशी दाट शक्यता आढळली. स्कॉटलंडमध्ये टॅग लावलेल्या १३१ सोनेरी गरुडांपैकी ४१ संशयास्पद रीतीने बेपत्ता झाल्याचं २०१७ च्या सरकारी अहवालात आहे, आणि त्यांतले बरेचसे काही ठरावीक ग्राउस माळांच्या आसपास.

गुन्हा सिद्ध होणं अवघड असतं: डोंगर मोठा, साक्षीदार नाही. म्हणून ग्राउस माळांच्या कारभाराची पाहणी करणाऱ्या वेरिटी समितीच्या डिसेंबर २०१९ च्या अहवालानंतर स्कॉटलंडने २०२४ चा कायदा केला. आता तिथे ग्राउसच्या शिकारीला नेचरस्कॉट या सरकारी निसर्गसंस्थेचा परवाना लागतो, फार तर पाच वर्षांचा, आणि फौजदारी खटल्याएवढा कडक पुरावा नसला तरी तो रोखता येतो. फासेही त्याच वर्षी बंद झाले. पांढऱ्या डोंगरी सशाला २०२१ पासूनच संरक्षण आहे. शिकार गावाला जगवते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तरी या परवान्याचं स्वागत करायला हवं. एका माळाच्या गुन्ह्याने सगळ्या खोऱ्याचा रोजगार धोक्यात येतो.

टिटवी

भोवत्या, पूर्ण सहमत. फक्त पक्ष्यांचीच दुसरी बाजू जोडते. नॉर्थम्बरलँडमध्ये ऑटरबर्नला २००० ते २००८ असा प्रयोग झाला: काही तुकड्यांत कोल्हे, कावळे, स्टोट (मुंगसासारखा छोटा मांसभक्षी) यांचं नियंत्रण, काहींत नाही. नियंत्रण असलेल्या ठिकाणी कुरल (लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू), टिटवी आणि सोनचिखल्या यांच्या प्रजननाचं यश सरासरी तिप्पट होतं. कुरल ब्रिटनमध्ये झपाट्याने घटतोय. म्हणजे कीपरच्या पगारात या पक्ष्यांचं राखणही येतं. तेच काम पक्षीसंस्थेने पगारी माणूस ठेवूनही होऊ शकतं, पण मग तो पगार कोण देणार हा प्रश्न उरतोच.

पठारवाट

शिकार थांबली तर काय होतं, याचं प्रत्यक्ष उदाहरण आहे का?

कातळमाथा

आहे, लँगहोम. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरचं गाव. १९९२ ते १९९७ तिथल्या माळावर शिकारी पक्ष्यांना पूर्ण संरक्षण देऊन अभ्यास झाला. हॅरियरच्या माद्या दोनवरून वीसवर गेल्या, ग्राउस घटले, हाक्याची शिकार बंद पडली आणि दशक संपता संपता कीपर काढले गेले. मग ग्राउस वाढले का? नाही. कोल्हे-कावळे वाढले आणि कालांतराने हॅरियरही कमी झाले, कारण जमिनीवरचं घरटं कोल्ह्याच्या तोंडचंच. २००८ पासून दुसरा दहा वर्षांचा प्रकल्प झाला: कीपर परत आणले, हॅरियरला घरट्याजवळ वेगळं खाद्य दिलं. ते चाललं, हॅरियर ग्राउसची पिल्लं फारच कमी नेऊ लागले. पण ग्राउसची संख्या हाक्याला पुरेल एवढी झालीच नाही.

त्यानंतर माळाची मालक असलेल्या बक्लू इस्टेटने तो विकायला काढला आणि गावाने तो घेतला. लँगहोम इनिशिएटिव्ह या गावच्या संस्थेने २०२१ मध्ये ५,२०० एकर ३८ लाख पौंडांना आणि २०२२ मध्ये आणखी ५,३०० एकर २२ लाखांना विकत घेतले. आज तिथे टॅरस व्हॅली निसर्ग राखीव क्षेत्र आहे.

जमाखर्च

लँगहोमला दोन गोष्टी जुळल्या: विकायला तयार मालक आणि देणग्या उभ्या करणारं गाव. गाव कापडगिरण्यांचं होतं, त्या बसल्या, म्हणून लोकांना नवं काही हवंच होतं. प्रत्येक खोऱ्यात हे जुळत नाही. स्कॉटलंडमधली निम्मी खासगी ग्रामीण जमीन ४३२ मालकांच्या हातात असल्याचा हिशेब २०१३ मध्ये मांडला गेला होता. तिथे शिकार थांबली तर जमीन गावाकडे येत नाही. ती बहुधा कार्बन क्रेडिटसाठी झाडं लावणाऱ्या कंपनीकडे जाते. लागवडीची दोन वर्षं मजूर येतात, नंतर दीर्घकाळ कुणीच नाही. आणि कीपरचं घर नोकरीबरोबरचं असतं. नोकरी गेली की कुटुंब खोऱ्याबाहेर, घर सुटीसाठी भाड्याने.

माझं मत: हाके कमी करून पॉइंटर कुत्र्यांबरोबर चालत केलेली शिकार टिकवावी. तिला दिवसाला दहा-पंधरा जोड्या पुरतात, त्यामुळे माळावर पक्ष्यांची कृत्रिम दाटी लागत नाही. हाकाऱ्यांची मजुरी जाईल हे खरं. पण कीपरच्या पगारातला कुरल, वणवा आणि पीट राखण्याचा हिस्सा सरकारी अनुदानातून, थेट त्याच्या नावाने द्यावा. मालकाच्या नावाने दिला तर तो पुन्हा जमिनीच्या किमतीत जाईल.

मेंढवाडा

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडेही लागू आहे. शिकार आपल्याकडे १९७२ च्या कायद्याखाली बंद, ती उघडा असं कुणीच म्हणत नाही. पण सोलापूरकडचं माळढोक अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं आणि खासगी शेती आली. जमीन विकण्या-बांधण्यावर बंधनं आली, मोबदला काही नाही. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर माळढोक म्हणजे अडचण हे लोकांच्या मनात पक्कं बसलं होतं. उघडा माळ राखणाऱ्याला पैसा मिळाला नाही की तो माळ ऊस नाहीतर प्लॉट होतो.

कातळमाथा

ऑगस्ट-सप्टेंबरात यॉर्कशर, डरहमकडे ट्रेकला जाणाऱ्यांसाठी कामाचं. इंग्लंडमध्ये खुल्या माळावर पायी फिरायचा हक्क आहे, पण ग्राउस माळावर मालक पाच वर्षांपर्यंत कुत्र्यांना मनाई करू शकतो. फाटकावर तशी पाटी असते. इतर खुल्या जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रं दोरीनेच. हाका चालू असेल तर वाटेवर गाडी किंवा माणूस उभा करून थोडं थांबायला सांगतात. एक हाका अर्ध्या-पाऊण तासाचा असतो; दुसऱ्या भोंग्यापर्यंत थांबा, नंतर वाट मोकळी होते. पायवाटेजवळ दोन खणांची पेटी दिसली तर झाकणाला हात लावू नका. औषधी बाजू उघडली गेली तर २८ दिवसांचा हिशेब चुकतो आणि ते पक्षी विकता येत नाहीत.